नाव ठेवलं कौतिका

घाटंजी, ११ फेब्रुवारी १९५७
आज बाजार. दोन सदरे, एक पायजमा घेतला शिवायला. दुपारी किसन आला, माझा मेव्हणा, शांताचा मोठा भाऊ. ढाणकीहून बैल पाहायला म्हणून आलता, पण बाजाराकडं गेलाच नाही. दुकानाच्या फळीवर बसून राहिला. शेवटी म्हणाला, मुलीचं बारसं उरकून घेतलं. शेजारच्या चार बाया बोलावल्या, घुगऱ्या वाटल्या.
"नाव काय ठेवलं?"
"कौतिका."
बरं म्हटलं. चहा मागवला. पिऊन गेला.
शांता बाळंतपणात जाऊन महिना होऊन गेला. तेराव्याला ढाणकीत होतो तेव्हा मुलगी आतल्या खोलीत रडत होती. मी बाहेर ओट्यावर. पाहायला चला असं कोणी म्हटलं नाही, मीही उठलो नाही.

१२ फेब्रुवारी
कौतिका. हे काय नाव.
नाव घेतलं की म्हातारी दिसते. हनुवटीवर गोंदण, लुगडं गुडघ्यापर्यंत, दात काळे. बाभुळगावला आमच्या गल्लीत होती एक कौतिकाबाई. बकरी पाळायची. पोरं बकरीच्या वाटेला गेली की दगड घेऊन मागं धावायची, सात पिढ्या उद्धरायची. त्या नावालाच बकरीचा वास आहे.
आणि महिन्याच्या लेकराला ते नाव. आजकाल पोलक्याच्या मापाला येणाऱ्या पोरी सगळ्या शोभा नाहीतर मंगला. मला विचारलं असतं तर शोभा म्हटलं असतं.

३ मार्च
काजं करायचं काम शांताचं होतं. मी मशीन मारायचो, ती मागच्या खोलीत उजेडाला बसून काजं, तुरपाई. आता तीही मीच करतो. बोटं जाड. एका वकिलाच्या कोटाचं काज फाकलं, त्यानं बोट घालून पाहिलं.
दुकान बंद करून मागं गेलो की चूल थंड. भाकरी फुगत नाही माझी. खिचडी.
आज लक्षात आलं, या घरात कितीक दिवसांत कोणाचं नाव घेऊन हाक मारली नाही. गिऱ्हाईक मला मास्तर म्हणतं, मी त्यांना भाऊ म्हणतो नाहीतर बाई. नाव कोणालाच लागत नाही.

ढाणकी, २२ एप्रिल १९५७
काल आलो. उमरखेडपर्यंत मोटार, पुढं किसनचा छकडा.
मामींनी मुलगी आणून मांडीवर ठेवली. (शांताच्या आईला मी पहिल्यापासून मामीच म्हणतो.) कुठं धरावं कळेना. कापड धरायची सवय. कान शांताचे आहेत, बाकी अजून कोणाचंच काही नाही. जांभई दिली. किसनची बायको वच्छला बाजूला हात पुढं करून उभी, मी पाडीन म्हणून. लग्नाला बरीच वर्षं झाली, तिची ओटी रिकामी. मुलगी तिच्याच जवळ असते. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून तिनंच जगवली.
जेवताना मामींना विचारलं, हे म्हातारीचं नाव कोणाचं? घराण्यात होतं का कोणी?
"कोनी नाही. शांतीनंच सांगतलं होतं. सातवा लागलता तवा. म्हने पोरगी झाली तं कौतिका ठेवजो."
"काहून?"
"मले काय मालूम, जवाई. म्या म्हनलं, हे काय बुढीचं नाव. तं हासली नुसती."

घाटंजी, २४ एप्रिल
शांतानं ठेवलं. मला एका शब्दानं बोलली नाही. होणाऱ्या लेकराबद्दल आधी बोलू नये, दृष्ट लागते, असं तीच म्हणायची. आईला मात्र सांगून ठेवलं. 
हासली म्हणतात. काय आठवून हासली असेल.

१९ जानेवारी १९५८
पिवळ्या छिटाचा तुकडा उरला. कौ.साठी झगा कापावा म्हटलं. माप कुठून आणावं? शेजारी गुलाबभाईचं बांगड्यांचं दुकान, त्यांची नात एवढीच असेल. फळीवर बसवून तिचं माप घेतलं. टेप अंगाला लागला तशी रडली.
गुलाबभाईनं विचारलं, किसके लिए, मास्टर?
"कौतिकासाठी."
तोंडानं हे नाव आज पहिल्यांदा घेतलं. गुलाबभाई हसले. "ये तो नानी का नाम है."
पफ बाही, गळ्याला झालर. मागं दोन बटणं. काजं चांगली झाली.

२ मार्च १९५८
किसन भेटला. झग्याचं विचारलं.
"छातीत बसला. लांबी नाही पुरली. पोट्टी उंच हाय."
शांता उंच होती.

१४ मे १९५८
अक्का आली, बाभुळगावहून. माझी मोठी बहीण. येताच घर झाडलं, भांडी घासली, मग विषय काढला. कळंबची आहे एक, नवऱ्यानं टाकून दिलेली, स्वभावानं गरीब. 
"एकट्यानं किती दिवस राह्यशीन?"
अक्का तांदूळ निवडत बसली. मग सहज म्हणाली, पोरीचं नाव काय ठेवलं, मी विसरलीच.
सांगितलं. तिचा हात थांबला. "आपल्या गल्लीतल्या कौतिकाबाईचं?"
"त्या शिवराळ बाईचं कायले ठेवतीन कोणी."
"शिवराळ?" अक्का माझ्याकडं पाहतच राहिली. "माय मेली तवा तू चार वर्षांचा. मी सासरी. बाबा कपडे शिवत बाजारोबाजार फिरत. तुले कोनं पाह्यलं? तिच्याच घरी खाये, तिच्याच गोधडीत झोपे. बकरीचं दूध इकत नसे ती, तुले पाजे. पोरं तुले बिनमायचा म्हनत, म्हनून दगड घेऊन धावे."
मला आठवत नाही म्हटलं.
"तुले कसं आठवन. बाबांनं मशीन घेतली अन् तुले तिथून आनलं. मंग तिच्या दारातून गेला तरी तू थांबत नसे."

१५ मे
अक्का सकाळच्या मोटारीनं गेली. कळंबच्या बाईचं नाही म्हणून सांगितलं. रागावली नाही, पण जाताना माझ्यासाठी दशम्या करून ठेवल्या नाहीत या खेपेला. 
सकाळपासून एकच. एक पितळी आठवते, काठ चेपलेला. दूध कोमट, वर एक केस. डोक्यावर हात, खरखरीत. कोणाचा ते आजपर्यंत विचारलंच नव्हतं स्वतःला. आईचा असेल असं धरून चाललो होतो.

१८ मे
शांताला कौतिकाबाईचं मीच सांगितलं असणार. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला हिवताप आलता. तेव्हा बकरीचं दूध आणून पाजायचो. वास येतो म्हणून तोंड फिरवायची. त्या वेळी काहीतरी बोललो होतो, प्यावं म्हणून. काय बोललो ते माझ्याजवळ राहिलं नाही. तिच्याजवळ राहिलं.
म्हणून हासली.
आज दिवसभरात मशीनची सुई दोनदा तुटली.

ढाणकी, ४ नोव्हेंबर १९५९
दिवाळी करून आता सगळे निवांत आहेत. तिसरं वर्ष सरत आलं कौ.ला. घरभर पळते. इथं दिवसभर तिच्या नावाच्या हाका. कौतिके, चप्पल आन. कौते, पडशीन. मामी नुसतं कौ म्हणतात आणि ती तेवढ्यावर येते. नाव वापरून मऊ झालंय यांच्यात, जुन्या लुगड्यासारखं. मी अजून पूर्ण नाव घेतो तर सगळे माझ्याकडं पाहतात.
लाल परकर नेला होता. घालून मिरवली. माझ्याकडं बोट करून वच्छलाला विचारलं, "माय, हे कोन हायेत?"
वच्छला तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "घाटंजीचे मामा."
किसन दारात होता. त्याला ती बाबा म्हणते. त्यानं ऐकलं, बाहेर गेला, गोठ्यात काहीतरी करत राहिला.
मी परकराची नाडी बांधून दिली. 

२० ऑगस्ट १९६०, ढाणकी
मामी गेल्या. चार दिवस ताप, मग बोलणं बंद. मी आलो तेव्हा आटोपलं होतं सगळं. 
मुलगी ओट्यावर बसून मुरमुरे खात होती. मला म्हणाली, "आजी देवाघरी गेली, मामा."

२१ ऑगस्ट
आज वच्छला स्वतःहून बोलली. एरवी डोक्यावरचा पदर सावरून बाजूला होते. 
"भाऊजी, आता मामींचा आधार नाही. तुमी म्हनसान आता घेऊन जातो."
म्हटलं, तसं अजून काही ठरवलं नाही. घरात बाईमाणूस नाही.
"तं आमाले द्या. रीतसर दत्तक घेऊन टाकतो."
किसन मधे बोलला, "आत्ताच नको हा विषय."
"मंग कवा? शाळेत जाईन तवा? लगन होईन तवा?" मग माझ्याकडं वळली. "बरं, दत्तकाचं राहू द्या. एक ऐका. शांतावन्संचं एवढ्यात तिले सांगू नका. ते मले माय म्हनते. तेवढं राहू द्या माह्याजवळ."
हो म्हटलं. काय म्हणणार. बोळ्यानं दूध पाजताना मी कुठं होतो.

घाटंजी, ९ जानेवारी १९६१
शांताचं श्राद्ध. ब्राह्मणाला शिधा दिला. गुलाबभाईनं दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, का ते बोलले नाहीत.
मुलगी चार पूर्ण. तिच्या वाढदिवसाचा आणि या दिवसाचा मेळ घालता येत नाही. कोणत्या तोंडानं काय करावं.

७ जून १९६१
एका बाईनं पोरीसाठी फ्रॉक शिवायला टाकला. पोरीचं नाव विचारलं, पुडक्यावर लिहायला. बेबी म्हणाली. खरं नाव विचारलं तर हेच खरं म्हणे. गावात आता एकही नवी कौतिका नाही. मी लक्ष ठेवून असतो. जुन्या दोन होत्या, त्यातली तेल्याची वारली. 

१६ नोव्हेंबर १९६२
किसन आलता. कापूस विकून परस्पर इकडं. जूनमधे पोरीला शाळेत घालायची. मास्तरांशी बोलून ठेवलंय. मग बराच वेळ पाय हलवत बसला.
"वच्छला म्हनते, शाळेत नाव दुसरं लावू. शालिनी. पोरी चिडवतात तिले, कौतिका बुढी म्हनून."
म्हटलं, नाही.
"अं?"
"नाव बदलायचं नाही."
किसनला माझ्याकडून नाही ऐकायची सवय नाही. मलाही नव्हती.
"ती रडते, भाऊजी."
"कोण?"
तो वहाणा घालायला लागला. मुलगी की वच्छला, ते कळलं नाही.

ढाणकी, १५ जानेवारी १९६३
संक्रांतीला म्हणून आलो. निमित्त तेच.
वच्छलाचा आवाज चढला आज. "तुमीच तं म्हनत होते, बुढीचं नाव हाय म्हनून. मामींनं सांगतलं मले."
"म्हनत होतो."
"मंग आता काय झालं?"
सांगता आलं नाही. कौतिकाबाईची बकरी, पितळी, शांताचा ताप, हे सगळं तिच्या चुलीपुढं बसून कसं सांगणार. एवढंच म्हटलं, ते शांतानं ठेवलं आहे, तिचं एवढंच राहिलंय.
वच्छलाचा चेहरा उतरला. जेवायला वाढलं, आग्रह केला, पण डोळे वर केले नाहीत. तिच्यावर रागवता येत नाही, हेच अवघड.
मुलगी परसात दोरीवरून उड्या मारत होती. उंच झाली आहे. माझ्याकडून तिळगूळ घेतला, पाया पडली, पळाली.

घाटंजी, २८ एप्रिल १९६३
ढाणकीकडून तीन महिने काहीच खबर नाही. बाजारालाही किसन नाही. त्या अंगाचा कोणी माणूस आला की विचारतो. बरे आहेत म्हणतात.
लग्नसराईचं काम रग्गड. बरं आहे.

१२ मे १९६३
किसन आला, सोबत कौतिका. बोट धरून. 
वच्छलाची आई हदगावला आजारी, ती तिकडं गेली. किसनला वावरात वखरणी. "आठ-पंधरा दिवस ठेवा. मी येतो घ्याले." मग हळूच, "वच्छलेनंच सांगतलं, तिकडं नेऊन घाला म्हने."
मोटार गेली तशी पोरगी उंबऱ्यावर बसली. जेव म्हटलं, नको. पाणी पी म्हटलं, नको. उन्हं उतरेपर्यंत तिथंच, रस्त्याकडं तोंड करून.

१३ मे
सकाळी मागच्या अंगणातून हाक मारली, कौतिका. माझ्याच आवाजानं दचकलो. या घरात हे नाव पहिल्यांदाच मोठ्यानं.
आली. भात खाल्ला. भाकरी पाहून म्हणाली, "मामा, तुमाले येत नाही का?" 
नाही म्हटलं.
"माय शिकवन तुमाले."

१७ मे
आता दुकानातच असते. मशीनखाली बसून कात्रणं गोळा करते, रंगारंगानं वेगळी लावते. पायडल चालू असताना मधे हात घालू नको म्हणून ओरडलो. रुसली. मग गुलाबभाईकडं जाऊन बसली, चार हिरव्या बांगड्या भरून आली. 
तिचं माप घेतलं. तिचंच माप, तिच्या अंगावरून, पहिल्यांदा. उंची, छाती, बाही. हात वर कर म्हटलं की दोन्ही करते. गुदगुल्या होतात म्हणून वाकते, मग परत घ्यावं लागतं. मी सावकाश घेतलं.
बोलायला लागली की थांबत नाही. ढाणकीच्या म्हशीचं नाव, मोठ्या पोरींकडून ऐकलेली मास्तराची छडी, बाबाला मिरची चालत नाही. माय, बाबा, माय, बाबा. मी कापत ऐकतो.

२१ मे
अंधार पडला तशी मायची आठवण येऊन रडली. मी काय करणार. पाठीवर हात ठेवला, तर झटकला नाही. किती वेळ ठेवावा तेही कळेना.

२४ मे
सोनीबाई आली, बाहेरच्या तांड्यावरची. घागऱ्याचा घेर मशीननं शिवून घ्यायला वर्षातून एकदा येते. कौतिकाला पाहून बसलीच.
"नाव काय गं याडी तुहं?" याडी म्हणजे त्यांच्यात आई, लाडानं पोरीलाही म्हणतात.
पोरीनं सांगितलं.
"कौतिका? वा. आता कोन ठेवते असं नाव. कोनं ठेवलं?"
पोरगी माझ्याकडं वळली. "मामा, कोनं ठेवलं?"
मी घेर लावत होतो, तोंडात टाचण्या. त्या काढून म्हटलं, "तुझ्या आईनं."
म्हटलं आणि थांबलो.
ती परत मशीनखाली जाऊन बसली. सोनीबाई गेली, घागरा राहिला. बऱ्याच वेळानं मशीनखालून आवाज आला.
"माय तं म्हनते हे नाव बदलाचं हाय. तिले आवडत नाही. मंग तिनं ठेवलं काहून?"
सांगतो, आधी जेव, म्हटलं. जेवली. पुन्हा विचारलं नाही. पण अधूनमधून माझ्या तोंडाकडं पाहते.

२५ मे
झालं ते बोलून गेलो. वच्छलाला शब्द दिला होता. आता काहीतरी थाप मारून निभावता येईल. आजीनं ठेवलं म्हणून सांगावं. मामी आता खोटं पाडायला येणार नाहीत.
नाही जमत. शांताचं नाव तिच्यासमोर घ्यायचं तर शांतापासून सुरू करावं लागेल. आणि मग मामा कोण, हे विचारेल. 
सांगितलं नाही तर जूनमधे शालिनी होईल आणि बरी राहील. आई आहे, बाप आहे, म्हैस आहे. मी काय देणार तिला. एक झगा आणि एक मेलेली बाई.

२७ मे
आज पोरीनं आपणहून काज केलं एका चिंधीवर. वाकडं. पण टाके शांतासारखे, आत ओढून घेतलेले. कोणी शिकवले? मायनं, म्हणाली. वच्छलाला शांतानं शिकवले असतील.

२९ मे १९६३
किसन सकाळी आला. वच्छला हदगावहून परत आली आहे, वाट पाहते आहे. दुपारची मोटार.
त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, माझ्या तोंडून काय निघालं ते. वाटलं चिडेल. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली त्यानं.
"मले बी इचारलं होतं तिनं एकडाव. मी म्हनलं आजीले इचार. तवा आजी होती."
म्हटलं, मी सांगू का आज? की जाऊ देऊ?
टोपीची घडी मोडली, परत घातली. मग म्हणाला, "माह्या तोंडून नाही निंगनार, भाऊजी. ते मले बाबा म्हनते. तुमी सांगा. पन मी इथं नाही थांबत."
"वच्छलाबाईंना?"
"तिले मी पाहातो. ते तं संक्रांतीलेच समजली, म्हनून पोरीले इकडं धाडलं असन."
उठला. मोटारीची चौकशी करतो म्हणून स्टँडकडं गेला. मोटार किती वाजता येते ते त्याला ठाऊक आहे.
पोरगी आत कपडे घडी करत होती. नवा झगा सगळ्यात वर. कौतिका म्हणून हाक मारली, आली. मशीनला टेकून उभी आहे. दोन शब्द आधी इथं लिहून पाहावेत म्हणून वही काढली, कसं सुरू करावं ते. लिहून होत नाही.
"काय लिहून राह्यले, मामा?"
बस म्हटलं. बसली. वही मिटतो.